नकाशावरचे लांब अंतर आणि पावणेदोन तासांचे उड्डाण

प्रश्न : माझी भाची स्वालबार्ड द्वीपसमूहातील ‘हिमाद्री’ या भारतीय संशोधन केंद्रात उन्हाळ्यात कामासाठी जाणार आहे. नॉर्वेतील ट्रॉम्सोहून ती विमानाने लाँगइअरब्येनला जाईल. संगणकावरील सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजले, तर हे अंतर मुंबई-दिल्लीच्या जवळजवळ तिप्पट भरते. तिकिटावर मात्र 1 तास 40 मिनिटेच दिली आहेत. खरे काय मानावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तिकिटावरची वेळ योग्य आहे. या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे 960 किलोमीटर आहे, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या साधारण 1,140 किलोमीटरपेक्षाही कमी. आपली मोजणी चुकलेली नाही. आपण पाहिलेला नकाशा बहुधा मर्केटर प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या एका पद्धतीचा असावा. 1569 मध्ये दर्यावर्दींच्या सोयीसाठी तयार झालेल्या या प्रक्षेपणात, ध्रुवाकडे एकत्र येणारी रेखावृत्ते समांतर काढलेली असतात, त्यामुळे पूर्व-पश्चिम अंतर ताणले जाते आणि दिशा बिघडू नयेत म्हणून उत्तर-दक्षिण अंतरही तेवढ्याच प्रमाणात ताणावे लागते. हा ताण मुंबईपाशी नगण्य असतो, ट्रॉम्सोपाशी तो जवळजवळ तिप्पट होतो आणि लाँगइअरब्येनपाशी पाचपटीच्या घरात जातो.

पट्टीऐवजी अक्षांश घेतले, तर हे गणित आपल्याला घरीच करता येईल. ट्रॉम्सो 69.7 आणि लाँगइअरब्येन 78.2 अंश उत्तरेस आहे. एका अंशाला सुमारे 111 किलोमीटर धरले, की साडेनऊशेच्या आसपास आकडा येतो. रेखांशांत साडेतीन अंशांचा फरक असला, तरी इतक्या उत्तरेला तो जेमतेम शंभर किलोमीटर भरतो, त्यामुळे तिरक्या अंतरात फारशी भर पडत नाही. ताशी 800 किलोमीटर वेगाने हा पल्ला सव्वा तासाच्या आतच संपतो. उरलेली मिनिटे धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि उतरणे यांत जातात.

अंतरापेक्षा मला दोन गोष्टींची अधिक काळजी वाटते. स्वालबार्डवर नॉर्वेचे सार्वभौमत्व असले, तरी तो प्रदेश शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या क्षेत्राबाहेर आहे. ट्रॉम्सोहून निघतानाच पारपत्र तपासले जाते आणि परतताना शेंगेन क्षेत्रात पुन्हा प्रवेश करावा लागतो. म्हणून भाचीचा व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आहे ना, हे आजच पाहून घ्यावे. दुसरे असे, की धुक्यामुळे लाँगइअरब्येनला उतरता आले नाही, तर प्रवासी विमानाला मुख्य भूमीकडेच परतावे लागू शकते. ‘हिमाद्री’ जेथे आहे, त्या न्यु-ओलेसुंडला पुढे लहान विमानाने जायचे असते. ते उड्डाण अर्ध्या तासाचेही नाही, पण त्याच्या फेऱ्या मोजक्याच असतात. त्यामुळे दोन्ही उड्डाणांमध्ये किमान एक दिवस मोकळा ठेवावा.