थंडी सांगता येते

"मॅडम, पोहण्याची हिला एवढी आवड, पण थंडी पडली की अंथरुणातून निघतच नाही. हिचं मोटिव्हेशन टिकवायचं कसं?"

मी समुपदेशक आहे. नाशिकमध्ये दिवाळी सरली की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. कधी पोहणाऱ्या मुलांचे आईवडील विचारतात, कधी धावणाऱ्यांचे. खाली सांगते आहे ती गोष्ट मुलीच्या आणि आईच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं मुद्दामच दिलेली नाहीत.

मुलगी नववीत, चौदा वर्षांची. सात वर्षांपासून पोहते, १०० मीटर फ्रीस्टाइल ही तिची शर्यत. उघड्यावरचा तलाव, सराव पहाटे साडेपाचला. डिसेंबरात आमच्याकडे सूर्य उगवतो सातच्या सुमारास, म्हणजे सगळा सराव दिव्यांच्या उजेडात. वडील रात्रपाळीला, त्यामुळे स्कूटरवरून तिला नेणं-आणणं आईकडे. आई साडेचारला उठून डबा करायची आणि पावणेपाचपासून हाका मारायला लागायची. "मी उठतेच ना? मला थंडी वाजत नाही का?" हे वाक्य घरात रोज म्हटलं जात होतं. मुलगी पांघरुणाच्या आतून कधी पोट दुखतंय म्हणायची, कधी घसा. बहुतेक वेळा एवढंच, "आज खूप थंडी आहे."

पहिल्या भेटीत मीही थंडीवरच बोलले. ते बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणून आधी तेच सांगते.

या वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. मुलांना रात्री उशिरा झोप येते आणि सकाळी उशिरा जाग येते, आणि यात आळसाचा संबंध नसतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. हिची ट्यूशन साडेनऊला सुटायची, झोपायला अकरा वाजायचे. पावणेपाचला उठायचं म्हणजे पावणेसहा तासांवर. त्यात आपण आपसूक ज्या वेळी जागे होतो त्याच्या साधारण दोन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं. गजर नेमका त्या वेळी वाजतो. अशा क्षणी मुलीला "जायचं की नाही" हे ठरवायला लावणं म्हणजे तिला हरायला लावणंच. म्हणून निर्णय रात्रीच घ्यायचा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ज्यावर पुष्कळ काम केलं आहे, ती "अमुक झालं की मी तमुक करणार" अशी नेमकी वाक्यं इथे उपयोगी पडतात. तिने स्वतः लिहिलेलं वाक्य असं होतं: "गजर वाजला की मी आधी लोकरी मोजे घालणार." पोहायला जाणार असं त्यात कुठेच नव्हतं. फक्त मोजे.

बाकीचं सगळं सामानाचं. मिनिटामिनिटाने सांगायला लावलं तेव्हा कळलं की आदल्या दिवशीचा ओलसर कॉश्च्युम ती पहाटे अंगावर चढवत होती. दुसरा कॉश्च्युम घ्या, म्हटलं. तो रात्री घरीच घालून झोपलं तरी चालेल, वरून ट्रॅकसूट. कानटोपी, डोक्यावरून घालायचा टॉवेलचा झगा, थर्मासमध्ये गरम दूध किंवा पेज, परतताना केस पूर्ण कोरडे. पाण्याबाहेर दहा-पंधरा मिनिटं दोरीच्या उड्या आणि हात फिरवणं, अंगात ऊब आली की लगेच पाण्यात; काठावर कुडकुडत उभं राहणं सगळ्यात वाईट. आणि थंडीत पहिली उडी ब्लॉकवरून, म्हणजे काठावरच्या चौथऱ्यावरून, मारायची नाही. गार पाणी अंगाला लागलं की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, छाती धडधडते. डोकं पाण्याखाली असताना हे घडलं तर धोका असतो. शिडीवरून उतरायचं, तोंडाने सावकाश श्वास सोडत राहायचं. तो दचका दोन-तीन मिनिटांत ओसरतो, आणि पुन्हा पुन्हा उतरल्याने शरीर त्याला सरावतं.

दोन आठवड्यांनी मायलेकी परत आल्या. मोजे, कॉश्च्युम, थर्मास, सगळं केलं होतं. झोपही दहावर आणली होती. तरी आईने हिशेब सांगितला, "बारातले पाच दिवस नाहीच गेली."

मी मुलीला विचारलं, "पाण्यात उतरल्यावर कसं वाटतं?"

ती चटकन म्हणाली, "पाणी बरं असतं. वाफा येतात पाण्यातून. बाहेरच जास्त थंडी असते."

ते ऐकून मी थांबले. थंडीने छळलेल्या मुलीच्या तोंडी हे वाक्य बसत नव्हतं. बाकीचे सात दिवस ती त्याच थंडीत गेली होती ना?

आईला विचारलं, कुठल्या दिवशी गेली नाही याची नोंद आहे का? होती. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, सराव बुडला की आई लाल फुली मारायच्या. मुलीला लाज वाटावी म्हणूनच मारत होत्या. त्यांनी तसं प्रामाणिकपणे सांगितलं. पुढच्या भेटीला नोव्हेंबर आणि डिसेंबरची पानं आणायला सांगितली. कुठल्याही पालकाला मी हेच सांगेन: उपदेश करण्याआधी तारखा बघा.

टेबलावर पानं पसरली. निफाडचा पारा पाच अंशांवर उतरल्याची बातमी पेपरात आली त्या दिवशी फुली नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. फुल्या दोन ठिकाणी होत्या. एक, जवळजवळ प्रत्येक शनिवारी. दोन, नोव्हेंबरात सलग चार दिवस आणि मग बरोबर चार आठवड्यांनी डिसेंबरात सलग चार दिवस.

आई माझ्याकडे बघत होती आणि मुलगी खाली. मी आईंना जरा बाहेर बसायला सांगितलं.

शनिवारी टायमिंग घेतात. सगळ्यांसमोर, काठावर उभं करून, मोठ्याने सांगतात. दीड वर्ष तिचं १०० मीटर एक मिनिट चौदा सेकंदांवर अडकलं होतं. तिच्याहून दोन वर्षांनी लहान मुलगी ऑक्टोबरात तिच्या पुढे गेली. "सर काही वाईट बोलत नाहीत," ती म्हणाली. "आता काहीच बोलत नाहीत." हे सांगताना ती रडली. मुलींच्या शरीरात या वयात इतके बदल होतात की टायमिंग काही काळ थबकणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. वर्षानुवर्षं वेळ उतरत जाते आणि एकदम थांबते. मुलीला वाटतं आपण संपलो. तिला हे कोणी म्हणजे कोणीच सांगितलेलं नव्हतं. शिवाय आमच्याकडे शालेय स्पर्धांचा मोसम दिवाळीच्या आसपास आटोपतो. पुढची शर्यत महिनोन् महिने लांब, आणि दर शनिवारी तोच आकडा.

आणि ते चार-चार दिवस पाळीचे. पॅड पाण्यात उपयोगाचं नाही, दुसरं काही असतं हे तिला मैत्रिणींकडून अर्धवट माहीत होतं, आईला विचारायची लाज वाटत होती. सर पुरुष. दर महिन्याला त्यांना काय सांगायचं? उन्हाळ्यात ती सर्दी सांगायची. हिवाळा आला आणि तिला सगळ्यात सोपं कारण मिळालं. थंडी वाजते असं कोणालाही सांगता येतं. आईला, सरांना, समुपदेशकालासुद्धा. त्यावर कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. मीही विचारला नव्हता. पहिल्याच भेटीत तारखा मागितल्या असत्या तर तिचे दोन आठवडे वाचले असते, हे मला आजही लागून राहिलं आहे.

तिच्या संमतीने आई आत आली. पाळीचं ऐकून त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मला वाटलं, ही मला सगळं सांगते." दुखावल्या होत्या, पण त्याच संध्याकाळी त्या तिला जवळ घेऊन बोलल्या, हे महत्त्वाचं. पाळीत पोहायला वैद्यकीय मनाई नाही. टॅम्पॉन किंवा कप वापरून मुली पोहतात, स्पर्धाही करतात. आणि एखादीला नको असेल, पोट दुखत असेल, तर त्या दिवशी न जाणंही ठीक. फक्त ते तिचं ठरवणं असावं, लपवणं नसावं. मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला सांगितलं, कारण रक्तस्राव जास्त होता आणि मुलगी जिना चढतानाही दमत होती. हिमोग्लोबिन निघालं १०.४. या वयाच्या मुलीत ते १२च्या खाली असलं की रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये तो आढळला होता. इतक्या मुली पहाटे उठत नाहीत म्हणून बोलणी खात असतील, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होतं. पहाटे न उठणाऱ्या मुलीचं रक्त एकदा तपासून घ्याच. मुलगा असो की मुलगी, गार हवेत छातीत घरघर किंवा खोकल्याची उबळ येत असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा. त्यावर मनाचा इलाज करत बसू नका.

सरांना मी भेटले, अर्थात तिला विचारूनच. शनिवारचं सांगितलं. पाळीचं सांगायचं की नाही, हे तिच्यावर सोडलं. सर आधी "आमच्या वेळी गरम पाणीसुद्धा नव्हतं" इथून सुरू झाले, पण ऐकून घेणारा माणूस. त्यांच्याच तोंडून आलं की हिवाळा हा वेळ उतरवण्याचा काळच नव्हे, पाया घालण्याचा आहे. मग हे तिला सांगाल का, म्हटलं. त्यांनी सांगितलं. शनिवारचे आकडे ते ज्याचे त्यालाच सांगू लागले, आणि तिला दुसरं काम दिलं: ५० मीटरला किती हात मारावे लागतात ते मोजायचं. सुरुवातीला ४८ लागत होते.

आठवड्याच्या सहा पहाटे आम्ही चारवर आणल्या, दोन सराव संध्याकाळी. गजर तिच्या उशाशी गेला. आईने एकदाच दिवा लावायचा आणि स्वयंपाकघरात जायचं, हाक नाही. हा भाग आईला सर्वांत जड गेला. पहिल्या आठवड्यात एके दिवशी मुलगी उठलीच नाही आणि आई ओट्याशी मुकाट उभी राहिली. मला फोनवर म्हणाल्या, "मॅडम, जीभ चावून बसले होते." फुल्या मारणं मात्र त्यांनी आपणहून बंद केलं.

रक्तक्षयावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागले. हात ४८वरून ४४वर आले. टायमिंग अजून एक चौदाच आहे. ती त्याबद्दल आता बोलते, चिडते, सरांना टर्न कुठे चुकतोय ते विचारते.

जानेवारीच्या शेवटी आईंचा फोन आला. त्या दिवशी गारठा बेताचाच होता. पहाटे मुलगी उठून स्वयंपाकघरात आली, आईचा फोन घेतला आणि सरांना स्वतः मेसेज केला: "सर, पाळीचा दुसरा दिवस आहे, आज येत नाही. शनिवारी येईन."

सरांचं उत्तर आलं, "बरं. हात मोजायला विसरू नकोस."

शनिवारी गेली.