कोठडीत मरण पावलेल्या, खटला न संपलेल्या माणसाला यादीत काय म्हणावं?

तुम्ही विचारलंय की परभणी, हिंगोली, नांदेडमधल्या कोठडी मृत्यूंची यादी करताना, निकाल लागण्याआधीच गेलेल्यांपुढे ‘कैदी’ लिहायचं, ‘आरोपी’ की ‘बळी’?

एका शब्दावर हे भागणार नाही. रकाने वेगळे करा: मृत्यूवेळची कायदेशीर स्थिती, ताबा कोणाचा, आरोप कोणता, मृत्यूचं कारण कोणी सांगितलं. नावाच्या रकान्यात फक्त नाव.

स्थिती अशी लिहा. अटकेची नोंदच नसेल तर ‘चौकशीसाठी ताब्यात’. पीसीआर (न्यायालयाने दिलेली पोलीस कोठडी) चालू असेल तर ‘अटकेतील आरोपी’. तुरुंगात असून निकाल नसेल तर ‘न्यायाधीन बंदी’. हा कारागृहाचाच शब्द आहे. ‘कच्चा कैदी’ बोलण्यात ठीक, यादीत नको. (मथळ्यात मात्र नुसतं ‘बंदी’ लिहू नका, दारूबंदीची बातमी वाटते.) शिक्षा लागून अपील चालू असेल तर ‘सिद्धदोष, अपील प्रलंबित’.

आरोपी वारला की त्याच्यापुरता खटला तिथेच थांबतो. दोष सिद्ध होत नाही आणि निर्दोष सुटकाही होत नाही. म्हणून ‘गुन्हेगार’ जितकं चूक, तितकंच ‘निर्दोष’सुद्धा.

ताब्याच्या रकान्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये झालेला मृत्यू न्यायालयीन कोठडीतला (म्हणजे तुरुंगातला), पण त्याआधीचे दिवस पोलीस कोठडीतले. एकच कोठडी लिहिली की दुसरी आपोआप सुटून जाते. दोन्ही लिहा, तारखांसह.

कारणाबाबत घाई नको. ‘आत्महत्या केली’ हा निष्कर्ष झाला. ‘गळफास लागलेल्या स्थितीत आढळले’ ही नोंद झाली. ‘हृदयविकाराने’ लिहायचं तर पुढे ‘कारागृह प्रशासनाच्या म्हणण्यानुसार’ हवंच. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातल्या शवविच्छेदनात व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला असेल तर ‘कारण राखीव’ एवढंच. दंडाधिकारी चौकशीचा अहवाल आला की वेगळी ओळ जोडा, जुनी पुसू नका. ही चौकशी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली होते. त्याआधीच्या कागदांत जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७६ (१अ) शोधा.

आता मराठीची खास अडचण. आपण एफआयआरलाच ‘गुन्हा’ म्हणतो. ‘त्यांच्यावर चोरीचा गुन्हा होता’ वाचलं की चोरी झालीच असं वाटतं. ‘गुन्हा क्रमांक’ हवा तिथे ठेवा, वाक्यात मात्र ‘चोरीचा आरोप होता’ लिहा.

नामापेक्षा क्रियापद जास्त बोलतं. ‘आरोपी मेला’ आणि लगेच ‘जेलर साहेब म्हणाले’ असं लिहिलं, तर ‘न्यायाधीन बंदी’ कितीही जपून निवडलेलं असो, कौल दिलाच. एक तर सगळ्यांना अहो-जाहो, नाही तर सगळ्यांना अरे-तुरे. मी पहिलं निवडेन, कारण घरचे लोकही ही यादी वाचणार.

‘सराईत’, ‘रेकॉर्डवरचा’ हे शब्द तर काढूनच टाका. पारध्यांबाबत दुप्पट जपा: त्यांच्यासारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा ब्रिटिशांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पंचनाम्यातून तो वास अजून गेलेला नाही. जात लिहायचीच तर वेगळ्या रकान्यात, आणि ती सगळ्यांची.

‘बळी’, ‘शहीद’ हे कुटुंबाचे किंवा संघटनेचे शब्द. अवतरणात, कोण म्हणतंय ते सांगून, शेरा रकान्यात.