जॉकी दोषी, तरी घोडा पहिला कसा?

जॉकींवर होणाऱ्या कारवाईबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : शेवटच्या टप्प्यात जिंकणारा घोडा आत झुकला आणि शेजारच्याला धक्का बसला. जॉकीवर बंदी आली, निकाल मात्र तोच राहिला. चूक झाली हे मान्य, तर मग बक्षीस कसं दिलं?

उत्तर : स्टुअर्ड्सच्या (शर्यतीवर नजर ठेवणाऱ्या पंचांच्या) खोलीत अशा वेळी दोन चौकशा चालतात आणि बाहेरून बघणाऱ्याला ती एकच वाटते. पहिली निकालाची. धक्का बसला नसता तर मागे राहिलेला घोडा पुढच्याला मागे टाकू शकला असता का? दुसरी जॉकीची. त्याने घ्यायला हवी ती काळजी घेतली का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं की घोडा पहिलाच राहतो आणि जॉकी घरी बसतो.

यामागे घोड्यांच्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा नमुना नियम आहे. रेसवाले त्याला ‘कॅटेगरी १’ म्हणतात. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, हाँगकाँग याच नियमाने चालतात. जपान २०१३ मध्ये आणि फ्रान्स २०१८ मध्ये या बाजूला आले. अमेरिका आणि कॅनडात ‘कॅटेगरी २’ चालते. तिथे धक्क्यामुळे एखाद्या घोड्याचा वरचा क्रमांक हुकला असेल, तर धक्का देणाऱ्याला त्याच्या मागे ढकलतात. मग धक्का बसलेला घोडा जिंकण्याच्या आसपासही नसला तरी चालतं. अमेरिकेत २०१९ च्या केंटकी डर्बीत मॅक्सिमम सिक्युरिटी हा घोडा पावणेदोन लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे घोड्याच्या लांबीएवढं अंतर) पहिला आला होता. वळणावर तो बाहेर सरकल्याने ज्या घोड्यांची वाट अडली त्यांत लाँग रेंज टॉडी होता. वीस मिनिटांहून जास्त चौकशी चालली आणि मॅक्सिमम सिक्युरिटीला थेट सतराव्या क्रमांकावर, लाँग रेंज टॉडीच्या मागे टाकलं. डर्बी मिळाली कंट्री हाउसला. जॉकी लुईस साएझला १५ दिवसांची बंदी वेगळी झाली. तीच शर्यत ‘कॅटेगरी १’ च्या देशात झाली असती तर निकाल बहुधा तसाच राहिला असता.

आता चित्रफितीत नेमकं काय पाहतात ते. बाजूच्या कॅमेऱ्यावरून अंतर कळतं, पण घोडा किती तिरका गेला ते समोरच्या कॅमेऱ्यातच दिसतं. स्टुअर्डची नजर आधी जॉकीच्या हातांवर जाते. चाबूक ज्या बाजूने पडतो त्याच्या उलट बाजूला घोडा सरकतो. उजव्या हातात चाबूक आहे, घोडा डावीकडे झुकतोय आणि जॉकी त्याच हाताने मारतच राहिला, तर निष्काळजीपणा ठरायला आणखी पुरावा लागत नाही. त्याने चाबूक थांबवायला हवा, दोन्ही हातांनी लगाम धरायला हवा आणि घोडा सरळ करायला हवा. उलट घोडा एकदम दोन टापांत बिचकला आणि जॉकीने लगेच तेच केलं, तर त्याला बहुधा सोडून देतात. अखेरच्या टप्प्यात घोडा सेकंदाला साधारण १६-१७ मीटर कापतो आणि एक लेंग्थ म्हणजे सुमारे २.४ मीटर. अर्धा सेकंद हात हलला नाही, की तीन लेंग्थ निघून गेल्या.

निकालासाठी हिशेब वेगळा. धक्क्यात किती जागा गेली, पोस्ट (शर्यत संपते तो खांब) किती दूर होतं, मागचा घोडा जवळ येत होता की आधीच दमला होता आणि शेवटी किती फरकाने हरला? अर्धी लेंग्थ गमावली आणि नाकभर अंतराने हरला, तर क्रमांक बदलतात. अर्धी गमावून तीन लेंग्थने हरला, तर नाही. एक अपवाद लक्षात ठेवा : ब्रिटनमध्ये ‘धोकादायक रायडिंग’ सिद्ध झालं की हा हिशेब न करताच घोडा बाद होतो.

प्रश्न : एकाला चार दिवस, दुसऱ्याला दोन महिने. हे ठरतं कशावर?

उत्तर : आधी पायरीवर. निष्काळजी म्हणजे लक्ष कमी पडलं. त्याच्या वर बेजबाबदार : धोका दिसत होता तरी रेटलं. सर्वांत वर धोकादायक किंवा मुद्दाम केलेलं. त्यानंतर परिणाम बघतात : नुसती लय बिघडली, लगाम खेचावा लागला की कोणी पडलं? शेवटी जॉकीची मागची नोंद. वर्षात चौथ्यांदा तेच करणाऱ्याला पहिल्या वेळचा दर मिळत नाही, आणि मिळूही नये.

आकड्यांची तुलना करताना मात्र जपून. बऱ्याच ठिकाणी बंदीचे दिवस हे शर्यतींचे दिवस असतात, कॅलेंडरचे नव्हेत. हाँगकाँगमध्ये आठवड्याला साधारण दोन मीटिंग (शर्यतींचे दिवस) होतात, म्हणून दोन मीटिंगची बंदी आठवडाभर चालते. ब्रिटनमध्ये जवळजवळ रोज शर्यती असतात, तिथे दोन दिवस म्हणजे दोनच दिवस.

दंडाचंही तसंच. ठरावीक रकमेचा दंड बड्या जॉकीला चिल्लर वाटतो आणि नवख्याची महिन्याची कमाई खातो. बड्याला चिमटा बसतो तो मोठ्या शर्यतीची राइड हुकली तर.

प्रश्न : शिक्षा झाल्यावरही जॉकी दुसऱ्या दिवशी घोड्यावर दिसतो. हा पक्षपात नाही का?

उत्तर : साध्या चुकांच्या बाबतीत नाही. ब्रिटनमध्ये बंदी साधारणपणे गुन्ह्याच्या चौदाव्या दिवशी सुरू होते. पुढच्या काही दिवसांच्या राइड ठरलेल्या असतात, मालकांनी त्या भरवशावर घोडे नोंदवलेले असतात, आणि जॉकीला अपिलासाठीही वेळ हवा. हे सगळं पटण्यासारखं आहे.

पण ३० सप्टेंबर २०२२ ला फ्रान्समध्ये सें-क्लूला जे झालं त्यात हा नियम उघडा पडला. जॉकी ख्रिस्तोफ सुमियों याने धावत्या शर्यतीत शेजारच्या जॉकीला, रॉसा रायनला, कोपर मारलं आणि रायन खाली पडला. सुमियोंचा घोडा बाद झाला आणि त्याला ६० दिवसांची बंदी झाली, पण ती १४ ऑक्टोबरपासून. मधल्या रविवारी, २ ऑक्टोबरला, तो आर्क द त्रियोंफ या मोठ्या शर्यतीत व्हादेनी या घोड्यावर बसला आणि दुसरा आला. निष्काळजीपणासाठी केलेली सवलत मुद्दाम केलेल्या कृत्याला लागू झाली. अशा प्रकरणात तरी शिक्षा त्याच संध्याकाळी सुरू व्हायला हवी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : चाबकाचे फटके खरंच मोजतात? एक जास्त झाला तर घोडा बाद का करत नाहीत?

उत्तर : एक एक मोजतात, तेही चित्रफीत पुन्हा पुन्हा थांबवून. ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट शर्यतीत ६ आणि अडथळ्यांच्या शर्यतीत ७ फटक्यांची मर्यादा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय नियमांतही ६ च. पण संख्येत बसलं म्हणजे सुटलं असं नाही. हात खांद्याच्या वर गेला, फटका चुकीच्या जागी पडला किंवा घोड्याला प्रतिसाद द्यायला वेळच दिला नाही, तर तोही गुन्हा.

ब्रिटनमध्ये मर्यादेपेक्षा ४ किंवा जास्त फटके झाले की घोडा बाद होतो. त्याच्या आत जॉकीलाच शिक्षा, कारण एका फटक्यासाठी मालक, ट्रेनर आणि अस्तबलातल्या पोरांचं बक्षीस काढणं हे चुकीच्या माणसाला मारणं आहे. हे प्रकरण शर्यतीनंतर वेगळ्या समितीपुढे जातं. म्हणून घोडा काही दिवसांनी बाद झाला तरी पंटरच्या (पैसे लावणाऱ्याच्या) पैजेचा निकाल बदलत नाही.

शिक्षेचं माप चुकलं तर काय होतं, त्याचा नमुना २०११ चा आहे. तेव्हा ब्रिटनमध्ये सपाट शर्यतीत एकूण ७ फटके, त्यातही शेवटच्या फर्लाँगात (सुमारे २०० मीटर) जास्तीत जास्त ५, असा नवा नियम आला. काही दिवसांतच सुमियोंने तिथली चॅम्पियन स्टेक्स ही मोठी शर्यत जिंकली, पण शेवटच्या फर्लाँगात त्याचा एक फटका जास्त झाला. पाच दिवसांची बंदी झाली आणि बक्षिसातला ५० हजार पौंडांहून मोठा वाटा गेला. छोट्या शर्यतीत त्याच चुकीला काहीशे पौंड गेले असते. आठवड्याभरात शेवटच्या फर्लाँगची अट रद्द करावी लागली.

प्रश्न : ‘घोडा खेचला’, म्हणजे जॉकीने त्याला मुद्दाम हरवलं, हे सिद्ध कसं करतात?

उत्तर : नुसत्या नजरेने नाही. टप्प्याटप्प्याचे वेळ, घोड्याच्या आधीच्या धावा, पैजांवरच्या पैशांचा ओघ, ट्रेनरच्या सूचना आणि शर्यतीनंतरची पशुवैद्यकीय तपासणी हे सगळं एकत्र ठेवतात. पुढे जागाच नव्हती, खोगीर सरकली, घोडा एका बाजूला ओढत होता अशी खरी कारणं असतात. पण ती उतरल्या उतरल्या सांगितली तर. खोगीर सरकल्याची आठवण नोटीस आल्यावर झाली, तर कोण मानणार?

प्रश्न : चौकशीत जॉकीने कसं वागावं?

उत्तर : स्वतःची फीत आधी पाहावी, दिसतं ते कबूल करावं आणि वाद फक्त पायरीवर घालावा. ‘घोडा झुकलाच नाही’ म्हणण्यापेक्षा ‘झुकला, पण दोन टापांत चाबूक थांबवला’ हे टिकतं. अपिलाची मुदत छोटी असते, म्हणून निकालाची लेखी प्रत लगेच मागावी.

आणि खोटं बोलू नये. जॉकी ऑशिन मर्फीला ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये १४ महिन्यांची बंदी झाली. मद्याच्या दोन प्रकरणांचे मिळून १०० दिवस. बाकीचे ११ महिने कोविडचे नियम मोडून अधिकाऱ्यांची दिशाभूल केल्याबद्दल.