दोन्हींत एकच कमी, मग मोठा कोणता?

प्रश्न: मुलगी पाचवीत आहे. ५/६ आणि ७/८ यांत मोठा कोणता, असं विचारलं की म्हणते, "दोन्ही सारखेच, दोन्हींत एकच कमी आहे." तिरकस गुणाकार शिकवला, पण तिला पटत नाही. काय करू?
– एक आई, ऐरोली

उत्तर: ताई, "एकच कमी" हे तिनं अगदी बरोबर हेरलंय, ते खोडू नका. तो एक भाग केवढा, एवढंच तिला विचारा. चोवीस सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या कापा. लांबी सारखीच हवी, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. एकीचे सहा भाग करा, प्रत्येक चार सेंटिमीटरचा. दुसरीचे आठ, प्रत्येक तीनचा. आता दोन्हींतून एकेक भाग तिलाच कापू द्या. उरले वीस आणि एकवीस. म्हणजे ७/८ मोठा. छेद मोठा तसा एकेक भाग लहान, हे तिला तिथंच दिसेल. समच्छेदही आपोआप आला: २०/२४ आणि २१/२४.

तिरकस गुणाकार मी तरी एवढ्यात शिकवणार नाही. उत्तर येतं, पण का ते कळत नाही. त्याआधी ३/७ आणि ५/९ द्या. पहिला अर्ध्याहून कमी, दुसरा जास्त. पाटी-पेन्सिलही लागत नाही.