जर्मनीत अर्ली युनिव्हर्सवर पीएचडी करायचीय, त्यासाठी घरावर कर्ज काढू का? याचं उत्तर

तुझा मेसेज दोनदा नीट वाचला. तू कोल्हापुरात फिजिक्सच्या एमएससीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, विश्वाच्या सुरुवातीच्या थिअरीत पीएचडी करायचीय, जर्मनी डोक्यात आहे, एक कन्सल्टन्सीवाला म्हणतोय आधी तिकडे जाऊन पुन्हा मास्टर्स कर आणि त्यासाठी बाबा घरावर वीस लाखांचं कर्ज काढायला तयार आहेत, शिवाय पुढे नोकरीचं काय हेही विचारलंयस. मी सांगलीची, एमएससी पुण्यात केली, २०१७ ला म्युनिकला पीएचडीला आले आणि आता नेदरलँड्समध्ये दुसरं पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन) चालू आहे. म्हणजे हाच रस्ता मी चाललेय, तेव्हा जरा लांबेल पण सगळं सांगते.

आधी कर्जाचं. काढू नकोस. जर्मनीत थिअरीतली पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा नोकरी असते, युनिव्हर्सिटी किंवा इन्स्टिट्यूट तुझ्याशी करार करतं, पगार टीव्ही-एल १३ सारख्या सरकारी श्रेणीत बसतो, आणि फिजिक्समध्ये बहुतेकदा पूर्ण पगार न देता त्याचा अर्धा किंवा दोन तृतीयांश किंवा पाऊण हिस्सा देतात (काम मात्र पूर्णच असतं, हे आधीच माहीत असू दे). दोन तृतीयांश ते पाऊण धरलास तर टॅक्स, हेल्थ इन्शुरन्स, पेन्शन कापून हातात ढोबळमानाने २००० ते २३०० युरो येतात. म्युनिकमध्ये त्यातले ८०० सहज एका खोलीला जातात, तरी एकट्या माणसाचं भागतं, आणि बॉनसारख्या लहान गावात जरा सुखाने भागतं. आणि पीएचडीला मास्टर्स लागते ती तुझ्याकडे असणारच आहे, आपलं तीन अधिक दोन वर्षांचं शिक्षण तिथे साधारणपणे चालतं.

दुसरी मास्टर्स एकाच कारणासाठी करावी, तुला क्वांटम फील्ड थिअरी आणि जनरल रिलेटिव्हिटी कुणी शिकवलीच नसेल आणि स्वतःच्या जोरावर जमत नसेल तर. तेव्हासुद्धा कुठे फी आहे कुठे नाही ते बघून जा, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळ्यापासून युरोपबाहेरच्या नवीन मास्टर्स विद्यार्थ्यांना सेमिस्टरला ४००० ते ६००० युरो फी लावलीय, हायडेलबर्ग ज्या राज्यात येतं तिथे सेमिस्टरला १५०० आहेत, आणि व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात ते वेगळेच. कन्सल्टन्सीवाला मास्टर्सच सुचवणार, कारण तिथे त्याचं काम आहे, पीएचडीच्या जागेसाठी प्रोफेसरला मेल तुलाच लिहायचीय आणि त्यात त्याचं काहीच काम नाही.

आता खरा मुद्दा, विषयाचा. तू लिहिलंयस की "बिग बँगच्या आधी काय होतं यावर काम करायचंय". मलाही नेमकं तेच करायचं होतं. पण त्या नावाने पीएचडी कुणी देत नाही, मिळतो तो खूप लहान आणि नेमका प्रश्न. माझा पहिला प्रश्न होता इन्फ्लेशनच्या (अगदी सुरुवातीला विश्व क्षणार्धात प्रचंड फुगलं या कल्पनेच्या) एका मॉडेलमधलं थ्री-पॉइंट फंक्शन काढणे, म्हणजे सुरुवातीच्या त्या क्वांटम थरथरीत तीन ठिकाणांमधलं नातं किती असेल, आणि त्यात मी सात महिने घालवले, त्यातले तीन महिने फक्त एक अधिक-वजा चिन्ह शोधण्यात. त्या सात महिन्यांत तुला रात्री उठून परत वही उघडावीशी वाटेल का, हे आत्ताच स्वतःला विचार.

मी का आले तेही सांगते, कारण त्यात या विषयाचा स्वभाव दिसतो. मार्च २०१४ मध्ये मी बीएससीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि बातमी आली की दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप२ टेलिस्कोपला इन्फ्लेशनच्या ग्रॅव्हिटेशनल वेव्ह्जची (अवकाशकालातल्या लहरींची) खूण सापडली, सीएमबीच्या म्हणजे विश्वाच्या बालपणापासून उरलेल्या उजेडाच्या ध्रुवीकरणात. आम्ही चार मुली सांगलीच्या कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून ते वाचत होतो आणि मला अक्षरशः रडू आलं, की माणसाला विश्वाच्या पहिल्या सेकंदाच्या कितीतरी आधीचं दिसलं. २०१५ च्या सुरुवातीला सीएमबी मोजणाऱ्या प्लांक उपग्रहाच्या डेटासोबत एकत्र विश्लेषण झालं आणि कळलं की आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीनेसुद्धा तो सिग्नल समजावता येतो. आजपर्यंत ती खूण सापडलेली नाही. २०२१ च्या बायसेप-केकच्या निकालात टेन्सर-टू-स्केलर रेशो म्हणजे आपला आर (त्या लहरींचा जोर किती ते सांगणारा आकडा), तो ०.०३६ च्या खाली आहे एवढंच म्हणता येतं. सांगायचं काय, की इथे एक सुंदर निकाल वर्षभरात जाऊ शकतो आणि पुढचा यायला वीस वर्षं लागू शकतात, आणि तुझं करिअर त्या मधल्या काळात बसतं.

म्हणून देश निवडू नकोस, प्रश्न आणि गाइड निवड. जर्मनीत काही गट खरंच उत्तम आहेत, म्युनिकजवळ गार्शिंगला माक्स प्लांक अॅस्ट्रोफिजिक्स, पॉट्सडॅमशेजारी गोल्मला आइन्स्टाइन इन्स्टिट्यूट, हॅम्बुर्गला डेसी या कणभौतिकी संस्थेचा थिअरी ग्रुप, शिवाय हायडेलबर्ग आणि बॉन. म्युनिकच्या एलएमयू युनिव्हर्सिटीत तर म्युखानोव्ह यांनी बरीच वर्षं शिकवलं, ज्यांनी चिबिसोव्हबरोबर १९८१ मध्ये दाखवलं की गॅलेक्सींचं बीज क्वांटम फ्लक्च्युएशनमध्ये असू शकतं. पण मोठ्या नावाच्या मागे जाऊन तुला महिन्यातून एकदा भेटणारा गाइड मिळाला तर तू एकटा पडशील. मी माझ्या गाइडला होकार द्यायच्या आधी त्यांच्या तीन जुन्या विद्यार्थ्यांना मेल केली होती, आठवड्याला किती वेळा भेटतात, पेपर कोण लिहितं, आणि पीएचडीनंतर तुम्ही कुठे गेलात एवढेच तीन प्रश्न. तिघांनीही उत्तर दिलं, एकीने तर फोनच केला. त्याआधी एका दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ होकार दिला होता, तिथल्या विद्यार्थ्यांना विचारल्यावर कळलं की चारपैकी दोघं मधेच सोडून गेलेत.

अर्ज करायच्या आधी एक काम कर, हे मी सगळ्यांना सांगते. सगळ्यात साधं इन्फ्लेशनचं मॉडेल घे, पोटेन्शियल फाय स्क्वेअर, आणि कागदावर स्लो-रोलने (फील्ड हळूहळू घरंगळतं असं धरून) स्पेक्ट्रल इंडेक्स (लहान-मोठ्या अंतरांवर त्या थरथरीचा जोर कसा बदलतो तो आकडा) आणि आर काढ. साठ ई-फोल्ड (विश्व साठ वेळा २.७१८ पट फुगलं असं) धरलेस तर इंडेक्स १ वजा २ भागिले ६० म्हणजे साधारण ०.९६७ येतो आणि आर ८ भागिले ६० म्हणजे ०.१३. प्लांकने मोजलेला इंडेक्स ०.९६५ च्या आसपास आहे, तेव्हा पहिलं वाटतं वा जमलं, मग आर बघ, ०.१३ आणि मर्यादा ०.०३६, म्हणजे इतकं गोड मॉडेल बाद. मग तेच स्टारोबिन्स्कीच्या १९८० च्या मॉडेलसाठी कर, इंडेक्स तोच येईल पण आर १२ भागिले ६० चा वर्ग, जेमतेम ०.००३, म्हणजे अजून जिवंत. त्यानंतर पायथनमध्ये म्युखानोव्ह-ससाकी समीकरण (ती थरथर काळाबरोबर कशी बदलते ते सांगणारं) मोड बाय मोड सोडव, बंच-डेव्हिस व्हॅक्यूमपासून (सगळ्यात कमी ऊर्जेच्या सुरुवातीच्या अवस्थेपासून) सुरुवात कर आणि मोड होरायझनबाहेर गेल्यावर गोठतो तो तुझ्या स्वतःच्या ग्राफमध्ये बघ. हे दोन महिन्यांचं काम आहे. माझ्या ग्राफमध्ये पहिल्यांदा ती रेघ आडवी झाली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी रूममेटला उठवून दाखवली होती. तुझी रेघ आडवी झाली आणि तुला काहीच वाटलं नाही, तर या विषयासाठी घर सोडू नकोस, फिजिक्समध्ये दुसरं खूप आहे. आणि वाटलं, तर तोच ग्राफ अर्जासोबत लावायचा, मार्कांपेक्षा त्याने जास्त फरक पडतो. वर २०२५ मध्ये चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या एसीटी टेलिस्कोपचा डेटा इतर डेटाबरोबर जोडल्यावर इंडेक्स ०.९७४ कडे सरकलाय, त्याने स्टारोबिन्स्कीलाही जरा अडचण झालीय, तेही वाचून ठेव, मुलाखतीत बोलायला खरा विषय मिळेल.

मेल लिहिताना त्या माणसाचा एक पेपर खरंच वाचून त्यातली एक गोष्ट विचार, दोन परिच्छेदांत संपव, आणि "रिस्पेक्टेड सर" करून एकच मेल शंभर जणांना पाठवू नकोस, ती उघडताच कळते. जाहिराती इन्स्पायर या फिजिक्सच्या वेबसाइटच्या जॉब लिस्टवर येतात, बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना दोन महिने आधी सांग आणि पुन्हा आठवण कर, त्यात संकोच करू नकोस.

कुठला प्रश्न घ्यावा याबद्दल माझं मत विचारशील तर फक्त इन्फ्लेशनची नवनवी मॉडेलं बनवण्यात अडकू नकोस. सीएमबीचा डेटा येतोय, चिलीत ५२०० मीटरवर सायमन्स ऑब्झर्वेटरी चालू झालीय, पण अमेरिकेच्या सरकारी संस्थांनी २०२५ मध्ये सीएमबी-एस४ या पुढच्या मोठ्या प्रकल्पाला पुढे नेणं थांबवलं आणि जपानचा लाइटबर्ड उपग्रहही लांबलाय. दुसरीकडे ग्रॅव्हिटेशनल वेव्ह्जमधून सुरुवातीचं विश्व बघण्याकडे जोर वाढतोय, युरोपने लिसा हे या लहरी टिपणारं अवकाशमिशन जानेवारी २०२४ मध्ये मंजूर केलं, ते २०३५ च्या सुमारास उडायचंय, आणि इलेक्ट्रोवीक काळात (विश्व अगदी तान्हं आणि प्रचंड तापलेलं असताना) फेज ट्रान्झिशन (पाण्याचं बर्फ होतं तसा बदल) झालं असेल तर त्याचा आवाज लिसाला ऐकू येऊ शकतो. जून २०२३ मध्ये पल्सार टायमिंगवाल्यांनी (पल्सार ताऱ्यांच्या नियमित ठोक्यांवरून लहरी शोधणाऱ्यांनी) नॅनोहर्ट्झ लहरींचे पुरावे दिले, बहुधा महाकाय ब्लॅक होलच्या जोड्यांचे, पण कॉस्मिक स्ट्रिंग (सुरुवातीच्या विश्वातून उरलेले ऊर्जेचे काल्पनिक धागे) किंवा फेज ट्रान्झिशनचेही असू शकतात. त्या दिवशी आमच्या सेमिनारमध्ये युरोपियन टीमच्या निकालाची स्लाइड आली आणि त्यावर भारतीय टीमचं नाव आणि जीएमआरटी या रेडिओ टेलिस्कोपच्या अँटेनांचा फोटो. नारायणगावजवळचं खोडद! एमएससीला असताना सायन्स डेला आम्ही एसटीने तिथे गेलो होतो, त्या अँटेनांखाली उभं राहून भेळ खाल्ली होती. शेजारच्या इटालियन मुलाला मी सगळं सांगत बसले, माझं पुढचं व्याख्यानाकडे लक्षच नव्हतं.

यावरून दुसरी गोष्ट, पुण्याला मागे टाकून यायची जागा समजू नकोस. नारळीकर सर तुमच्याच कोल्हापुरात जन्मले, १९५७ ला केंब्रिजला गेले, १९७२ ला मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत परत आले आणि १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. बिग बँग त्यांनी शेवटपर्यंत जसंच्या तसं मान्य केलं नाही, तरी त्यांनी उभ्या केलेल्या संस्थेत सीएमबीवर जगात वाचलं जाणारं काम झालं, हे मला फार मोठं वाटतं. मे २०२५ मध्ये ते गेल्याचं कळलं तेव्हा मी दिवसभर काही काम केलं नाही. तेव्हा जेस्ट आणि नेट या पीएचडी प्रवेशाच्या परीक्षा दे, आयुका, टीआयएफआर, आयसर सगळीकडे अर्ज कर, आणि तिथे तुझ्या प्रश्नाचा गाइड मिळाला तर जर्मनीचं पोस्टडॉकला बघ.

नोकरीचं सरळ सांगते. पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांचं एक पोस्टडॉक, मग दुसरं, बऱ्याचदा तिसरं, प्रत्येक वेळी नवा देश, आणि कायमच्या जागा खूप कमी. जर्मनीत तर कायद्यानेच पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं अशी तात्पुरत्या करारांची मर्यादा आहे. माझ्याबरोबरच्या सात जणांपैकी आता दोघंच या विषयात आहोत, बाकीचे डेटा आणि सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि चांगले आहेत. म्हणून पहिल्या वर्षापासून कोड नीट लिहायला शीक, क्लास किंवा कॅम्बसारखा सीएमबीची गणितं करणारा कोड आतून उघडून बदलता आला पाहिजे. माझं लग्न दोन वेळा पुढे ढकललं, नवरा आजही म्युनिकला आणि मी इथे, सहा तासांहून जास्त ट्रेन. हे तुला आधी माहीत असावं म्हणून लिहितेय.

राहण्याचं फार नाही सांगत. खोली प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर बघितल्याशिवाय डिपॉझिट पाठवू नकोस, जर्मन भाषा बी१ पातळीपर्यंत कर, ऑफिसात इंग्रजी चालतं पण डॉक्टरकडे आणि घरमालकाकडे नाही. पहिला नोव्हेंबर जड जातो, साडेचारला अंधार पडतो. तेव्हा रोज कुणाबरोबर तरी जेव, कंटाळा आला तरी.

आणि आईंचं. तू लिहिलंयस की त्या काही बोलत नाहीत, फक्त डबा भरतात. माझी आईपण तशीच होती. मी जायच्या आधी एक संध्याकाळ तिला सीएमबीचा नकाशा दाखवला, ३,८०,००० वर्षांच्या विश्वाचा उजेड, सगळीकडे सारखा, फक्त लाखात एक भाग कमी-जास्त, आणि त्या एका भागातून आपण सगळे. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली की हे शोधायला जातेयस होय. त्यानंतर घरात बोलणं सोपं झालं. तूही दाखव.

बाबांना सांग सध्या बँकेत जाऊ नका. ग्राफ झाला की मला पाठव, आणि पहिल्या तीन मेलचे मसुदेही, सप्टेंबरच्या आत पाठवलेस तर मी एकेक ओळ बघून देईन, ऑक्टोबरनंतर माझेच अर्ज सुरू होतात.