जन्मजात, उपजत की सहज?

खानापूरहून एका ताईंनी विचारलंय : मुलगी बारावीला आहे. फ्लूच्या विषाणूशी आपली पेशी स्वतःच कशी लढते, यावर तिला मराठीत लिहायचंय. 'जन्मजात प्रतिकारशक्ती' म्हणावं की 'उपजत'? शेजारच्या कन्नड बाई म्हणतात, सरळ 'सहज' लिही की!

माझं मत उपजतला. 'जन्मजात' चूक नाही, पण दवाखान्यात तो शब्द व्यंगाला चिकटलाय : जन्मजात मोतीबिंदू, जन्मजात हृदयदोष. गोड गळ्याला मात्र आपण उपजत म्हणतो.

शेजारच्या बाईंचंही खोटं नाही हं. सह + ज, म्हणजे जन्मासोबतच आलेलं. कन्नडमध्ये 'सहज' अजून 'स्वाभाविक'च्या जवळ आहे. आपल्याकडे तो घसरत घसरत 'सहज आलो होतो' म्हणत ऐन जेवणाच्या वेळी टपकणाऱ्या पाहुण्यापर्यंत आला. 'सहज प्रतिकार' वाचून वाटेल, पेशीनं विषाणूला हसतखेळत लोळवलं.

तसं मुळीच नसतं. इन्फ्लुएन्झाच्या, म्हणजे फ्लूच्या विषाणूच्या, आरएनएच्या (त्याच्या जनुकीय रेणूच्या) टोकाशी तीन फॉस्फेटांची खूण असते. पेशीतलं रिग-आय हे प्रथिन ती हेरतं. विषाणूशी आधी गाठ पडलेली नसली तरी चालतं, म्हणून ही पारख उपजत. निरोप पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियामार्गे केंद्रकात जातो, इंटरफेरॉन हे इशारा देणारं प्रथिन तयार होऊन बाहेर पडतं आणि शेजारच्या पेशी सावध होतात. त्या मग आयएफआयटीएम-३ सारखी प्रथिनं वाढवतात. विषाणू ज्या पिशवीत बसून पेशीत येतो, तिच्यातून त्याला बाहेर पडू न देणं हे आयएफआयटीएम-३ चं काम. विषाणूही बेरकी : त्याचं एनएस-१ प्रथिन पहिला निरोपच दाबायला बघतं.

मुलीला एक सांगा, उपजत म्हणजे आयतं तयार नव्हे. इंटरफेरॉन पेशीत साठवलेलं नसतं. टोपल्यात भाकरी नसते, थापायचा हात असतो.

इंटरफेरॉनला मात्र मराठी करायला जाऊ नका. १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी लंडनला, उष्णतेनं निष्क्रिय केलेला फ्लूचाच विषाणू कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर वापरून ते शोधलं. विषाणूच्या वाढीत आडवं येतं म्हणून हे नाव. मी एकदा 'अडवणूक-प्रथिन' करून पाहिलं होतं. घरच्यांना वाटलं, कचेरीत माझा कुठला तरी दाखला अडलाय.