वाचकांचे प्रश्न : निकेलला प्रकाशाची जोड कशासाठी?

प्रश्न : कार्बन-कार्बन बंध जोडणारे पॅलेडियमचे उत्प्रेरक (स्वतः खर्ची न पडता अभिक्रिया घडवणारे पदार्थ) उपलब्ध आहेत आणि त्या संशोधनाला २०१०चे नोबेल पारितोषिकही मिळाले आहे. मग निकेल आणि प्रकाश यांचा खटाटोप कशासाठी? मिश्रण नुसते तापवून तेच साधणार नाही का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. उष्णता भांड्यातल्या सगळ्याच रेणूंना मिळते, प्रकाशाची ऊर्जा मात्र तो शोषणाऱ्या रेणूलाच मिळते. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशातील एक मोल फोटॉनांची ऊर्जा सुमारे २६६ किलोज्यूल भरते आणि ती द्रावण न तापवता वापरता येते. प्रयोगशाळेत अशा बाटल्यांवर पंखा सोडलेला दिसतो, तो दिव्यांच्या उष्णतेने द्रावण तापू नये म्हणूनच.

प्रकाश शोषण्याचे काम बहुधा निकेल करत नाही. ते द्रावणात अल्प प्रमाणात घातलेले इरिडियमचे संयुग करते. २०१४ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील डेव्हिड मॅकमिलन आणि ॲबिगेल डॉयल यांच्या गटांनी ‘सायन्स’मध्ये मांडलेली अभिक्रिया पाहू. प्रकाश शोषून उत्तेजित झालेले इरिडियम अमिनो आम्लाच्या कार्बोक्सिलेटकडून (आम्लगटाच्या ऋणभारित रूपाकडून) एक इलेक्ट्रॉन काढून घेते, त्यासरशी कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि नायट्रोजनशेजारच्या कार्बनवर मुक्त मूलक, म्हणजे जोडीविना एकटा इलेक्ट्रॉन असलेला अतिशय क्रियाशील घटक, तयार होतो. इकडे शून्य ऑक्सिडीकरण अवस्थेतील (म्हणजे इलेक्ट्रॉन न गमावलेले) निकेल ॲरिल हॅलाइडच्या (बेन्झीनसारख्या ॲरोमॅटिक कड्याला ब्रोमीनसारखा हॅलोजन जोडलेल्या संयुगाच्या) कार्बन-हॅलोजन बंधात शिरून +२ अवस्थेत गेलेले असते. ते हा मूलक पकडून +३ अवस्थेत जाते, दोन्ही कार्बन एकमेकांना जोडून देते आणि स्वतः +१ अवस्थेत उरते. आता इरिडियमजवळ एक इलेक्ट्रॉन जास्त आहे आणि निकेलला शून्यावर परतायला नेमका एकच हवा आहे. ही देवघेव झाली की दोन्ही चक्रे पूर्ण होतात. या अभिक्रियेचे खरे सौंदर्य आमच्या मते इथेच आहे. (निकेल आधी मूलक पकडते की आधी हॅलाइडशी जुळते, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत, त्यामुळे वरचा क्रम अंतिम समजू नये.)

आता पहिला प्रश्न, पॅलेडियम असताना निकेल कशाला? पॅलेडियम प्रामुख्याने दोन-दोन इलेक्ट्रॉनांच्या टप्प्यांनी चालते. निकेलला एकेका इलेक्ट्रॉनाचे टप्पे सहज जमतात, म्हणून मूलकांशी त्याचे चांगले जुळते. शिवाय पॅलेडियमला जोडलेली अल्किल साखळी (एकेरी बंधांची कार्बनसाखळी) शेजारच्या कार्बनवरील हायड्रोजन गमावून अल्कीन (दुहेरी बंधाचे संयुग) होऊन बसते, ही जुनी डोकेदुखी निकेलच्या बाबतीत बरीच कमी असते. त्यामुळे सपाट ॲरोमॅटिक कड्याला चार एकेरी बंधांचा कार्बन जोडणे आवाक्यात आले, आणि त्रिमितीय आकाराचे रेणू शोधणाऱ्या औषधनिर्मितीला नेमके तेच हवे होते. ‘सायन्स’च्या त्याच अंकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील गॅरी मोलँडर यांच्या गटाने ट्रायफ्लुओरोबोरेट या बोरॉनच्या संयुगापासून मूलक मिळवून अशीच जोडणी दाखवली होती.

अडचणी आहेतच. इरिडियम अतिशय दुर्मीळ असल्याने अनेक ठिकाणी त्याऐवजी ४सीझेडआयपीएनसारखे धातुविरहित सेंद्रिय संयुग वापरतात. हवेतला ऑक्सिजन उत्तेजित उत्प्रेरकाची ऊर्जा आणि मूलक दोन्ही पळवतो, म्हणून तो आधी हाकलावा लागतो. सर्वांत जाचक अडचण मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाची आहे : रंगीत द्रावणात प्रकाश वरच्या पातळ थरातच शोषला जातो आणि मोठ्या भांड्याचा मध्यभाग अंधारातच राहतो. त्यामुळे तिथे द्रावण अरुंद, पारदर्शक नळ्यांतून दिव्यांसमोरून सतत वाहते ठेवतात.